भारताचा भूगोल कणकुंबीपासून शिकवावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाळा सुरू झाल्या की चौथी ते सातवीच्या वर्गांत देशाच्या भूगोलाला हात घातला जातो आणि तो बहुधा एकाच वाटेने जातो. भिंतीवर नकाशा टांगायचा, राज्ये आणि राजधान्या पाठ करून घ्यायच्या, मग नद्या, मग पिके. कृष्णेचा उगम विचारला की 'महाबळेश्वर' हे उत्तर बिनचूक येते. पण आपल्या गावच्या ओढ्याचे पाणी शेवटी कोणत्या समुद्राला मिळते, असे विचारले की वर्ग गप्प होतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मुलांबद्दल याची खंत जास्त वाटते. दोन समुद्रांकडे जाणाऱ्या नद्या, पठाराची कड, लाल माती आणि काळी माती, घनदाट रान आणि कोरडवाहू माळ हे सगळे एकाच जिल्ह्यात असणे फार थोड्या मुलांच्या वाट्याला येते. देशाचा नकाशा येथूनच उघडला तर पाठांतर कमी लागेल आणि समजेल जास्त. कसे करता येईल, ते तपशिलाने लिहीत आहोत.

सुरुवात कणकुंबीची. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाताना हे गाव लागते. तेथील माउली मंदिरापाशी समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटर उंचीवर मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेकडे निघते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ धरणात थांबते, पट्टदकल्लू आणि ऐहोळेजवळून कुडलसंगमाला जाऊन कृष्णेत मिसळते. पुढे श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाडा करत ते पाणी बंगालच्या उपसागराला मिळते. कणकुंबीच्याच परिसरातला कळसा ओहोळ मात्र म्हादईचा. म्हादई खानापूर तालुक्यातल्या देगावजवळ उगम पावते, गोव्यात उतरते आणि पणजीला मांडवी या नावाने अरबी समुद्राला मिळते. 'कळसा-भांडुरा' (म्हादईचे पाणी मलप्रभेकडे वळवण्याची योजना) हे शब्द मुलांनी घरात बातम्यांमधून ऐकलेले असतात. पाणीवाटपाचा वाद मोठ्यांकडे राहू द्यावा. मुलांना इतकेच दाखवावे की शेजारशेजारच्या दोन शिवारांत पडलेला पाऊस दोन वेगळ्या समुद्रांना जातो.

'जलविभाजक' हा शब्द फळ्यावर लिहून व्याख्या देण्याआधी कौलारू घराचे आढे दाखवावे. आढ्यावर पडलेले पाणी दोन्ही वळचणींना वाटले जाते, हे मुलांना सांगावे लागत नाही. सह्याद्री हे तसले आढे आहे, पण त्याचे छप्पर सारखे नाही. पश्चिमेची बाजू आखूड आणि खडी, पूर्वेची लांबच लांब आणि उतरती. मलप्रभा कुडलसंगमापर्यंत ३०४ किलोमीटर वाहते आणि तेथे ४८८ मीटरच्या पातळीवर येते, म्हणजे किलोमीटरला जेमतेम एक मीटर उतार. म्हादई-मांडवी ८० किलोमीटरच्या आसपास वाहून थेट समुद्रसपाटीला पोचते. हा फरक अंगाने अनुभवायचा तर लोंढ्याहून गोव्याकडे जाणारी रेल्वे आहे. कॅसल रॉक ते कुळे या घाटात रुळांचा चढ ३७ मीटरला १ मीटर आहे. मलप्रभेला तोच १ मीटर उतरायला हजार मीटर लागतात.

याची प्रतिकृती शाळेच्या अंगणात अर्ध्या तासात होते. ३ फूट लांब आणि दीड-दोन फूट रुंद असा मातीचा ढीग घालावा. आढे मध्यावर ठेवू नये. पश्चिमेच्या टोकापासून ८ इंचांवर ठेवावे, उंची ६ इंच. म्हणजे पश्चिमेचा उतार ८ इंचांत संपेल आणि पूर्वेचा २८ इंच चालेल. नुसती काळी माती घेतली तर ती चिकटते आणि वाळल्यावर भेगाळते. नुसती वाळू घेतली तर पाणी पिऊन टाकते, ओघळच उमटत नाही. निम्मी माती, निम्मी वाळू, शिंपडून ओली केलेली आणि तळहाताने थोपटलेली, हे प्रमाण चांगले. पाणी तांब्याने ओतू नये, खड्डा पडतो. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या टोपणाला खिळ्याने आठ-दहा भोके पाडून आढ्यावर सावकाश लिटरभर पाणी झारावे. पश्चिमेचे ओघळ थोडे, खोल आणि सरळ होतात. पूर्वेचे एकमेकांना मिळत मिळत जातात. घटप्रभा, हिरण्यकेशी, मार्कंडेय, दूधगंगा, वेदगंगा या सगळ्या शेवटी कृष्णेला का मिळतात, याचे उत्तर मुले त्या ढिगाकडे बघून स्वतः देतात.

येथे एक गोंधळ ठरलेला आहे आणि त्याचे कारण शिक्षकांनी ओळखून ठेवावे. पुस्तकात 'पश्चिम घाट ही पर्वतरांग' असे असते. बेळगावच्या मुलाला पर्वत दिसत नाही, कारण शहरच सुमारे ७५० मीटरवर आहे. घाटात जाताना रस्ता फारसा चढत नाही आणि मग एकदम खाली जातो. गोव्याच्या बाजूने पाहिले तर मात्र तीच रांग भिंतीसारखी उभी दिसते. आपल्या बोलण्यात याची जाण आधीपासून आहे. गोव्याला जाताना आपण 'घाट उतरतो' आणि कोकणातला माणूस आपल्याकडे 'घाटावर' येतो. कोकण, घाटमाथा, देश हे आपले तीन शब्द, आणि कन्नडमधले करावळी, मलेनाडू, बयलुसीमे हे तीन शब्द समोरासमोर लिहिले की पश्चिम किनाऱ्यापासून दख्खनच्या पठारापर्यंतचा आडवा छेद तयार होतो. येथील मुलांच्या कानावर दोन्ही भाषा असतात, त्यांना तो दोन्ही भाषांत मिळतो.

आता देशाचा नकाशा. तो भिंतीवर टांगला की मुलांच्या डोक्यात 'उत्तर म्हणजे वर' बसते. त्यातून दुसरी चूक निघते: नद्या वरून खाली, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात. कृष्णा पूर्वेला का जाते आणि नर्मदा पश्चिमेला का जाते, याचे मग कोडे पडते. म्हणून पहिला नकाशा जमिनीवर, खऱ्या दिशांना धरून काढावा.

दिशा ठरवायला मोबाइलमधल्या होकायंत्रावर विसंबू नये. लोखंडी बाके किंवा पत्र्याची शेड जवळ असेल तर ते चुकते. एक मीटरची काठी ओळंबा लावून सरळ उभी करावी. सकाळी दहाच्या सुमारास सावलीच्या टोकाला खडा ठेवावा आणि काठीच्या बुंध्याभोवती तेवढ्याच त्रिज्येचे वर्तुळ दोरीने आखावे. दुपारी सावली पुन्हा त्या वर्तुळाला टेकेल तेथे दुसरा खडा ठेवावा. दोन खड्यांना जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम, तिला काटकोनातली उत्तर-दक्षिण. सर्वांत आखूड सावली बारा वाजता पडत नाही, हे मुलांच्या लगेच लक्षात येते, आणि भारतीय प्रमाणवेळ शिकवण्याची तीच वेळ. आपले घड्याळ ८२°३०′ पूर्व रेखांशावर चालते, बेळगाव ७४°३०′ वर आहे. फरक ८ अंशांचा, दर अंशाला ४ मिनिटे, म्हणजे ३२ मिनिटे. त्यामुळे आपली माध्यान्ह सरासरी १२ वाजून ३२ मिनिटांनी होते. फेब्रुवारीच्या मध्यावर ती १२.४६ च्या आसपास जाते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१६ ला येते. प्रयोगात उत्तर ३२ आले नाही म्हणून प्रयोग फसला असे समजू नये.

ही काठी आणखी एक मोठे काम करते. २१ मार्चला माध्यान्ही बेळगावात १ मीटर काठीची सावली सुमारे २८ सेंटिमीटर पडते. त्याच दिवशी कन्याकुमारीला ती १४ आणि श्रीनगरला ६८ सेंटिमीटर असते. तिन्ही लांबीच्या सुतळ्या कापून शेजारी टांगल्या की अक्षांश म्हणजे नुसती रेघ राहत नाही. रात्रीसाठी ध्रुवतारा आहे. हात ताठ पुढे केला तर मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. आपल्याकडे ध्रुव क्षितिजावर सुमारे १६ अंश, म्हणजे दीड मुठीवर असतो आणि श्रीनगरला साडेतीन मुठींवर. माध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येऊन काठीची सावलीच पडत नाही, तो शून्य सावलीचा दिवस बेळगावला मेच्या ३-४ तारखेला आणि ऑगस्टच्या ९ तारखेच्या सुमारास येतो. मेमध्ये सुट्टी आणि ऑगस्टमध्ये ढग, त्यामुळे तो घरच्यांनी सुट्टीत दाखवावा.

उत्तर मिळाली की जमिनीवर जाळी आखावी. प्रमाण १ सेंटिमीटरला १० किलोमीटर. ५ ते ४० अंश उत्तर आणि ६५ ते १०० अंश पूर्व, दर ५ अंशांवर रेघ. प्रत्येक चौकट ५५.५ सेंटिमीटर उंच आणि ५१.५ सेंटिमीटर रुंद. उत्तरेकडे रेखावृत्ते जवळ येतात, पण मुलांसाठी सगळ्या चौकटी सारख्या ठेवल्या तरी चालते. एकूण सात गुणिले सात, ४९ चौकटी होतात आणि जागा सुमारे ३.९ बाय ३.६ मीटर लागते. वर्गाची फरशी किंवा सारवलेले अंगण पुरे. नकाशासंग्रहात तीच जाळी पेन्सिलने आखून घ्यावी आणि दोघादोघांना एक-दोन चौकटी द्याव्यात. ते आपापल्या चौकटीतली किनाऱ्याची, सीमेची आणि नदीची रेघ खडूने उतरवतात, मग रांगोळीने पक्की करतात. चूक बहुतेक चौकटींच्या जोडावर होते. एकाची नदी कडेला १२ सेंटिमीटरवर संपते आणि शेजाऱ्याची १८ वर सुरू होते. म्हणून रेघ कडेला कोठे भेटते ते आधी दोघांनी मोजून ठरवावे. आपली चौकट १५ ते २० उत्तर आणि ७० ते ७५ पूर्व. बेळगाव तिच्या खालच्या रेघेपासून सव्वानऊ-साडेनऊ सेंटिमीटर वर आणि उजव्या रेघेपासून ५ सेंटिमीटर आत येते. पणजी, कोल्हापूर, मुंबई याच चौकटीत बसतात. दिल्ली बेळगावपासून सुमारे १ मीटर ४४ सेंटिमीटरवर. हे अंतर मूल पावलांनी चालते आणि मग विसरत नाही.

या नकाशात अंदमान आणि निकोबार खऱ्या जागी येतात, हा मोठा फायदा. छापील नकाशात जागेअभावी बेटे कधी कधी कोपऱ्यातल्या चौकोनात टाकतात आणि ती चेन्नईच्या बाजूलाच आहेत असे मुलांना वाटते. जाळीत ती ९० ते ९५ पूर्वच्या चौकटींत पडतात. ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, ६°४५′ उत्तरेला, म्हणजे कन्याकुमारीच्या रेघेपेक्षाही सुमारे १५ सेंटिमीटर खाली येते. मुख्य भूमीचे टोक कन्याकुमारी, देशाचे टोक इंदिरा पॉइंट, हे वेगळे सांगावे लागत नाही.

उंची दाखवताना मात्र प्रामाणिक राहावे. या प्रमाणात ८,५८६ मीटर उंचीचे कांचनगंगा ८.६ मिलिमीटर भरते, १,६४६ मीटरचे कळसूबाई दीड मिलिमीटरहून थोडे अधिक आणि बेळगाव पाऊण मिलिमीटर. प्रदर्शनातल्या मॉडेलांत हिमालय वीतभर असतो आणि सह्याद्रीही जवळपास तेवढाच. त्यावरून मुलांचा अंदाज कायमचा बिघडतो. उंचीसाठी वेगळे प्रमाण घ्यावे, १ सेंटिमीटरला १ किलोमीटर, आणि 'उंची दहापट वाढवली आहे' अशी पाटी शेजारी लावावी. मग कांचनगंगा ८.६, दक्षिणेतले सर्वांत उंच अनैमुडी (२,६९५ मीटर) २.७ आणि आपले पठार पाऊण सेंटिमीटर. कागदाच्या लगद्याने हे सहज होते. वर्तमानपत्राचे तुकडे रात्रभर भिजवून, पिळून, कुटून, मैद्याची खळ घालावी आणि मूठभर मेथीची पूड मिसळावी, म्हणजे किडे लागत नाहीत. थर एका वेळी बोटभरापेक्षा जाड देऊ नये. आतून ओला राहून कुबट वास येतो आणि बुरशी धरते.

रंगांबद्दलही सावध करावेसे वाटते. प्राकृतिक नकाशातला हिरवा रंग म्हणजे सखल जमीन. मुले तो झाडीचा समजतात. त्याच नकाशात खारट, उजाड कच्छचे रण हिरवे असते आणि खानापूर तालुक्यातल्या भीमगडचे दाट जंगल पिवळसर-तपकिरी. दोन्ही ठिकाणांवर बोट ठेवून हा विरोध दाखवला की सूची वाचायची सवय लागते.

जमिनीवरच्या नकाशात रंगांऐवजी खऱ्या वस्तू ठेवाव्यात. खानापूरची तांबडी माती आणि अथणी, रायबागची काळी माती आपल्या चौकटीत. संकेश्वरची मिरची, निपाणीची तंबाखू, खानापूरचे भात, अथणीची ज्वारी आपल्याकडची. गंगेच्या मैदानात गहू, आसामात चहा, केरळात नारळ. तांदूळ किनाऱ्यावर, बंगालात आणि आपल्या खानापुरातही ठेवावा लागतो. एक पीक एकाच राज्याचे नसते, पाणी आणि माती मिळेल तेथे ते जाते, हे ठेवताना उमगते.

पावसासाठी कागदी पट्ट्या कराव्यात, १०० मिलिमीटरला १ सेंटिमीटर. बेळगावची पट्टी १२ ते १३ सेंटिमीटर होते, अथणीची तिच्या साधारण निम्मी. सुमारे ७० किलोमीटरवरच्या आंबोलीची ७० सेंटिमीटरच्या आसपास, मेघालयातल्या मॉसिनरामची ११८ सेंटिमीटरहून लांब, जैसलमेरची जेमतेम दोन. पट्ट्या नकाशावर उभ्या केल्या की आंबोली ते अथणी हा उतार डोळ्यांना दिसतो. ढग घाटावर चढताना थंड होऊन रिते होतात आणि पलीकडे पर्जन्यछाया, म्हणजे कमी पावसाचा पट्टा, पडते. शाळेचे पर्जन्यमापक सरळ बाजूच्या बाटलीचे करावे. वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवावा. शीतपेयाच्या बाटलीचा तळ खाचांचा असतो, म्हणून बाजू सरळ होतात तेथपर्यंत आधी पाणी भरून ती रेघ शून्य धरावी. बाटलीचे तोंड जमिनीपासून फूटभर उंच असावे, नाहीतर उडालेले थेंब आत जातात. भिंत किंवा झाड जितके उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर ती ठेवावी. नोंद रोज सकाळी साडेआठलाच घ्यावी, हवामान खात्याचीही तीच वेळ आहे. जांबोटी, बेळगाव आणि अथणीच्या तीन शाळांनी जून ते सप्टेंबर आपले आकडे एकमेकींना कळवले तर मुलांच्या हाती स्वतःची पर्जन्यछाया येईल.

किनाऱ्याची लांबी हा लहान पण गोड धडा आहे. जुन्या पुस्तकांत ती ७,५१६.६ किलोमीटर आहे. अलीकडे सरकारने नव्याने मोजून ती ११,०९८ किलोमीटरहून अधिक सांगितली. समुद्र वाढलेला नाही, मोजणी बारीक झाली. जमिनीवरच्या नकाशात किनारा एकदा जाड दोरीने आणि एकदा शिवणाच्या दोऱ्याने मोजावा. दोरा प्रत्येक खाडीत शिरतो, म्हणून तो जास्त लागतो.

निसर्गाच्या पाठातही जवळून लांब जाता येते. गोकाकजवळच्या घटप्रभा पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात कांड्या करकोचे येतात. ते मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात. त्यांची वाट निळ्या दोऱ्याने नकाशावर टाकली तर हिमालय, थर, मैदान आणि पठार एका ओळीत येतात. २०११ मध्ये अभयारण्य झालेल्या भीमगडातल्या बारापेडे गुहेत राउटन यांच्या नावाने ओळखले जाणारे दुर्मीळ वटवाघूळ राहते, हे खानापूरच्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवे.

सीमाभागातल्या मुलांची एक अडचण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. मराठीत 'द्वीपकल्प' शिकलेले मूल पुढे कन्नड माध्यमात जाते तेव्हा त्याला 'पर्यायद्वीप' भेटते आणि हिंदीत 'प्रायद्वीप'. पठाराचे 'प्रस्थभूमी' होते, वाळवंटाचे 'मरुभूमी', त्रिभुज प्रदेशाचे 'मुखजभूमी', बंगालच्या उपसागराचे 'बंगाळ कोल्ली'. मुलाला विषय येत असतो, शब्द अडवतो. म्हणून पाचवीपासूनच तीन रकान्यांचा तक्ता भिंतीवर असावा, रोज दोन शब्द. गावांच्या आणि नद्यांच्या नावांचेही तसेच: म्हादई, महादायी आणि मांडवी ही एकच नदी. 'कुडलसंगम' मधल्या 'कूडल'चा कन्नड अर्थही संगमच. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी असल्यामुळे नकाशासंग्रहाच्या सूचीत दोन्ही रूपे शोधायला शिकवावे.

शाळांमधले जुने नकाशे एकदा तपासावेत. तेलंगण नसेल तर तो २ जून २०१४ पूर्वीचा. लडाख वेगळा नसेल तर ३१ ऑक्टोबर २०१९ पूर्वीचा. आज २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. असा नकाशा फेकू नये. डोंगर-नद्यांसाठी तो उत्तम आहे, राज्यांसाठी वापरू नये. इंटरनेटवरून उतरवलेल्या नकाशात देशाची उत्तर सीमा बरेचदा चुकलेली असते. बाह्यरेषा भारतीय सर्वेक्षण विभागाच्याच नकाशावरून घ्यावी.

आपल्या दैनिकाला एक विनंती. रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा भारताचा कोरा नकाशा छापावा. उंची १६ सेंटिमीटर ठेवली तर रुंदी साडेचौदा-पंधरा होते आणि प्रमाण १ सेंटिमीटरला २०० किलोमीटर येते. पट्टीने मोजायला सोपे. पहिल्या महिन्यात फक्त नद्या आणि डोंगर, राज्यांच्या सीमा दुसऱ्या महिन्यात, म्हणजे कृष्णा राज्यांच्या रेघा न विचारता वाहते हे आधी दिसेल. प्रमाण शब्दांत छापू नये, रेघ आखून तिच्यावर किलोमीटर लिहावेत. शाळा तो नकाशा झेरॉक्स करून लहान-मोठा करतील. त्यात शब्दांतले प्रमाण खोटे ठरते. रेघ नकाशाबरोबरच लहान-मोठी होते, म्हणून ती खरी राहते.

आपले,
भूगोल शिकवणारे काही प्राथमिक शिक्षक,
बेळगाव व खानापूर तालुका